सलीमभाईंसोबत जुन्या गाड्या बघताना

इंजिन खोलून परत बसवलं की आमच्या डब्यात दोन-चार नट-बोल्ट उरतातच. कुठले ते आठवत नाही, आणि फेकून द्यायला मन होत नाही. (गिऱ्हाइकाला हे सांगू नका!) किश्श्यांचंही तसंच. गाडी येते, दुरुस्त होते, निघून जाते. माणसं काय बोलली ते तेवढं मागं राहतं.

मी किसन, निमगाव सावाचा. जुन्नर-नारायणगाव रस्त्यावर सलीमभाईंचं गॅरेज आहे. तिथं त्यांच्या हाताखाली शिकलो आणि आता कितीतरी वर्षं त्यांचा भागीदार आहे. आमच्याकडं दुरुस्तीइतकंच दुसरं एक काम चालतं. कुणीतरी येतं, बाकावर बसतं आणि म्हणतं, "भाई, एक गाडी बगितलीय. जरा नजर टाकायला येता का?"

जुन्नर काय, आंबेगाव काय, सगळ्यांना एकच गाडी हवी असते. छोटी, डिझेलची, दोन लाखांच्या आत, घाटात दम न सोडणारी आणि दगा न देणारी. नव्या छोट्या गाड्या आता डिझेलवर मिळेनाशा झाल्यात, त्यामुळं जुन्यांवरच उड्या पडतात. मग आम्ही दोघं जातो बघायला. निघताना वाटतं गाडी तपासायला चाललोय. परत येताना वाटतं, तपासलं भलतंच काहीतरी.

* * *

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. लोणीचे दत्ताभाऊ आले. त्यांच्या सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मंचरला न्यावं लागायचं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायचे. म्हातारा माणूस परत येताना झोपायचा, मान खांद्यावर टाकून. "भाई, गाडी साधी चालंल, पण येळेवर चालू झाली पायजे," एवढंच दत्ताभाऊंचं म्हणणं.

घोडेगावजवळ एक गाडी होती. आम्ही गेलो. गाडी पत्र्याच्या शेडखाली, सावलीत. मालक म्हणाला, "सकाळपासून हलवली बी न्हाई!"

सलीमभाईंनी बॉनेटवर हात ठेवला. चांगलं गरम.

मालक लगेच म्हणाला, "ऊन लई हाय ना, भाई!"

मला वाटलं, आता भाई झापणार. भाई म्हणाले, "खरंय. जरा बसू या का?"

ओसरीवर बसलो. पावसाचं बोलणं झालं, कांद्याचं झालं, मालकाच्या पुतणीच्या लग्नाचं झालं. चहा आला. तासाभरानं दुसरा आला. दत्ताभाऊ चुळबुळ करायला लागले. भाई मधूनच उठायचे, बॉनेटवर हात ठेवायचे आणि परत येऊन बसायचे. "अजून ऊन हाय," म्हणायचे.

तिसरा चहा पिऊन झाला आणि मालकानं हात जोडले. "भाई, गार असली की अर्धा तास चालू व्हत न्हाई. तुमी यायच्या आधी कशीबशी फिरवून आणली. नका घेऊ ही गाडी. पण आता उठा, घरातलं दूध संपलं!"

परत येताना मी विचारलं, "तो खोटं बोलतोय हे तुम्हाला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. मग तोंडावर का नाही सांगितलं?"

भाई म्हणाले, "तोंडावर सांगितलं असतं तर भांडला असता. गाडी तशीच दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारली असती. आता त्याच्याच तोंडून निघालं ना? आता त्याला परत खोटं बोलायला जड जाईल."

दत्ताभाऊंना महिन्याभरानं दुसरी गाडी मिळाली. गार इंजिनवर, एका चावीत चालू होणारी.

* * *

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक वाक्य फार चालतं. "डॉक्टरची गाडी हाय. घर ते दवाखाना, बास!"

सलीमभाई एकदा म्हणाले, "किसन, आपल्या दोन तालुक्यांत डॉक्टर किती आणि डॉक्टरांच्या जुन्या गाड्या किती, कधी हिशेब केलास का?"

मंचरच्या एका एजंटानं अशीच डॉक्टरची गाडी दाखवली. मीटरवर बेचाळीस हजार किलोमीटर. गाडी धुऊन, पुसून, सेंट मारून उभी. मी खाली वाकून पाहिलं तर ब्रेकच्या पायडलचं रबर गुळगुळीत! नक्षीचं नाव नाही.

"डॉक्टरसाहेब घरून दवाखान्यापर्यंत ब्रेक दाबूनच जात असतील," भाई म्हणाले.

एजंट हसला. भाईंनी ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि मॅट उचलली. खाली पावत्यांचा थर! सगळ्या पुण्याच्या विमानतळाच्या पार्किंगच्या. पंचवीस-तीस तरी असतील. म्हणजे गाडी भाड्यानं पळवलेली, रात्रंदिवस.

भाईंनी पावत्या नीट जुळवल्या, एजंटाच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "डॉक्टर लई परदेशात जात व्हते वाटतं!"

* * *

जुन्नरचे शब्बीरचाचा मणियार. बांगड्यांचा धंदा. ओतूर, बेल्हे, नारायणगाव असे आठवड्याचे बाजार धरायचे. आयुष्य एस.टी.च्या टपावर आणि टेम्पोच्या कोपऱ्यात पेट्या सांभाळण्यात गेलं. पासष्टीला आले तेव्हा ठरवलं, आता आपली गाडी घ्यायची.

गाडी बघायला निघालो तर चाचा पेटी घेऊन आले. काचेच्या हिरव्या बांगड्या, आठ डझन. आम्ही विचारलं, "हे कशाला?"

"तुमी इंजिन बगा. मी माझं बगतो."

चाचांनी पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि भाईंना म्हणाले, "चल, खड्ड्यातून घे."

पहिल्या गाडीत अकरा बांगड्या फुटल्या. चाचांनी तुकडे रुमालात गोळा केले आणि मालकाला दाखवले. "शॉकअप गेलेत." मालक बघतच राहिला! दुसऱ्या गाडीत चार फुटल्या. "ही बरी, पण ही बी नको." आम्ही टायर, स्प्रिंग, जोड सगळं वाकून-वाकून तपासत होतो आणि दर वेळी आमचं आणि बांगड्यांचं उत्तर एकच निघत होतं.

तिसरी गाडी आळेफाट्याला एका निवृत्त कंडक्टरची. रंग उडालेला, पण आतून ठणठणीत. पाच किलोमीटर खराब रस्त्यानं फिरवून आणली. चाचांनी पेटी उघडली, एकेक बांगडी बोटानं वाजवून मोजली. उरलेल्या एक्क्याऐंशीच्या एक्क्याऐंशी शाबूत!

आम्ही खूश. कंडक्टर खूश. चाचांचा चेहरा मात्र पडलेला.

"काय झालं, चाचा? गाडी नाही आवडली?"

"गाडी आवडली रे," चाचा हळूच म्हणाले, "पण आता भाव कशावर पाडू?"

* * *

ओतूरकडचं एक गिऱ्हाईक. सगळी तपासणी झाली, इंजिन पास, कागद पास. तरी पठ्ठ्या म्हणाला, "घरच्यांना बसवून बगतो." आणि घरून नऊ माणसं घेऊन आला! पाच जणांची गाडी. आजी पुढं, पोरं मांडीवर, एक भाची मागं सामानाच्या जागेत. गाडी टायरांवर बसली.

"बसतात की, भाई!" तो आनंदानं म्हणाला.

भाई म्हणाले, "बसतात. पण दार लावायला बाहेरून दहावा माणूस लागंल."

तरी त्यानं तीच गाडी घेतली. आजही कधी बाजारात दिसली की मी थांबून मोजतो. अजून नऊच असतात. आजी गेली त्याला दोन वर्षं झाली. तिच्या जागी आता नवी सून बसते.

* * *

आता माझ्या घरचा किस्सा. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मेंढ्या राखणारे. आमची थोडी शेती आहे, पण अण्णांचा जीव मेंढ्यांत. अजून तीसेक आहेत. आईचे गुडघे गेले. मोटारसायकलवर टांग टाकता येईना. दुसऱ्यांच्या गाड्या बघत फिरणारा मी, माझ्याच आईला टेम्पोत चढवायला दोन माणसं लागायची. लाज वाटायची.

शेवटी पारगावकडं एक गाडी ऐकली. अण्णा म्हणाले, "मी बी येतो."

"अण्णा, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"येतो म्हणलं ना!"

गेलो. मी बॉनेट उघडलं, ऑइलची कांडी काढली, ऑइलचं झाकण ढिलं करून बघितलं, धूर बघितला. अर्ध्या तासानं वर बघतो तर अण्णा गायब! शोधायला गेलो तर गोठ्यामागं उभे. एका गाईच्या खुराकडं वाकून बघत होते.

मी वैतागलो. "अण्णा, आपण गाय घ्यायला आलोय का?"

अण्णांनी मला भिंतीकडं बोट दाखवलं. फवारणीचा पंप धुऊन उलटा टांगलेला. त्याची नळी गुंडाळून खिळ्याला. विळे तेल लावून ओळीत. गाईचे खूर साफ, पाण्याच्या हौदाला शेवाळ नाही.

"घे गाडी," अण्णा म्हणाले.

"अजून चालवून बघायचीय, अण्णा."

"बग की. बगितली तरी घेणारच हायेस. जो माणूस फवारणी झाल्यावर पंप धुतो, तो गाडीचं ऑइल बदलायचं इसरल व्हय?"

चालवली. घेतली. सहा वर्षं झाली, इंजिनाला पाना लावलेला नाही. आई पुढच्या सीटवर ऐटीत बसते. मागच्या सीटवर कोण बसतं म्हणाल तर अण्णा, आणि त्यांच्या मांडीवर आजारी कोकरू! सीटला येणारा वास कुठल्याही सेंटनं गेला नाही. गाडी विकायची वेळ आली तर गिऱ्हाइकाला काय सांगू? डॉक्टरची गाडी आहे म्हणून?

* * *

हा किस्सा मी सहसा सांगत नाही.

शिनोलीच्या बाजूला एक नर्सबाई होत्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. पन्नाशीच्या, नवरा नाही, बोलायला मोजक्या. भीमाशंकरच्या अंगाला वाड्या-वस्त्यांवर त्यांना जावं लागायचं. लसीकरण, बाळंतिणी, ताप. पावसाळ्यात तिकडं स्कूटी म्हणजे जिवाशी खेळ. त्यांनी साठवून-साठवून पैसे केले आणि मला फोन केला.

सलीमभाई तेव्हा मुलीकडं गेले होते. मी म्हटलं, आपण काय आता शिकाऊ राहिलो नाही! एकटाच गेलो. गाडी चकाचक. इंजिन मुलायम. भावही कमी. मी तिथंच म्हटलं, "सिस्टर, डोळे झाकून घ्या!"

त्यांनी घेतली.

आठ दिवसांनी भाई परतले. गाडी दाखवायला मी मोठ्या हौसेनं सिस्टरना बोलावलं. भाईंनी बॉनेटला हातही लावला नाही. दार उघडलं, सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिले, ओढत राहिले, अगदी शेवटापर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला चिखल होता.

गाडी पुरात बुडालेली होती. वरून सगळं धुतलं होतं. पण पट्टा आत गुंडाळलेला असतो, तिथं कोण धुणार?

भाईंनी पट्ट्याचं टोक माझ्या हातात दिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. विकणाऱ्याचा फोन बंद होता. पुढच्या आठवड्यात गाडी वाटेतच बंद पडली, तीही एका तापलेल्या लेकराला घेऊन येताना. पाठीमागून पिकअप आली म्हणून निभावलं.

महिनाभर मी ती गाडी खोलून बसलो. वायरिंगचा सगळा जुडगा काढला, सीटा काढल्या, फरशीचा पत्रा घासला, एकेक जोड सुकवून साफ केला. तोवर माझी गाडी सिस्टरकडं. आई पुन्हा टेम्पोनं जायची. गाडी तयार झाली तेव्हा चावी द्यायला मी स्वतः शिनोलीला गेलो. दारातच उभा राहिलो. म्हटलं, "सिस्टर, माझ्यामुळं त्या लेकराला काही झालं असतं तर..."

सिस्टरनी मला आत बसवलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "नोकरीला लागले त्या वर्षी एका पोराचा ताप मला साधा वाटला होता. गोळी देऊन घरी पाठवलं. न्यूमोनिया निघाला."

"मग?"

"वाचलं. माझ्यामुळं नाही, नशिबानं. त्या दिवसापासून छातीकडं बघून श्वास मोजल्याशिवाय मी एकाही पोराला सोडत नाही."

त्यांनी चावी घेतली आणि उठल्या. दवाखान्याची वेळ झाली होती.

"तुम्ही पट्टा ओढल्याशिवाय सोडू नका," एवढंच म्हणाल्या.

* * *

आता शेवटचा.

सलीमभाईंची स्वतःची एक छोटी डिझेल गाडी होती. बारा वर्षं त्यांच्याकडं. आख्ख्या तालुक्याचा तिच्यावर डोळा. "भाई, इकायची झाली तर पयलं मला सांगा," असं म्हणणारे पन्नास तरी असतील. मागच्या वर्षी भाईंनी जाहीर केलं, "विकतोय."

आणि त्यांनी काय केलं? वहीचं पान घेतलं, त्यावर गाडीच्या खोडी लिहून काढल्या आणि पुढच्या काचेला आतून चिकटवलं. एकूण सतरा! दुसरा गिअर गार असताना अडतो. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरावा लागतो. क्लच अजून वर्षभर जाईल, फार तर. मागची डावी काच हळू चढते. डिकीच्या तळाला गंज धरलाय. असं सतरापर्यंत.

लोक यायचे, पान वाचायचे आणि त्यांचा चेहरा बदलायचा. जे लोक कुठल्याही एजंटाच्या "एकदम टकाटक"वर गाडी उचलतात, ते भाईंच्या गाडीसमोर डोकं खाजवत उभे! "सतरा म्हणजे लईच व्हतात, भाई," म्हणायचे आणि जायचे. मी भाईंना म्हटलं, "पान काढा ते. प्रत्येक गाडीत असतात एवढ्या खोडी."

"असतात ना? मग लिवल्या तर काय बिघडलं?"

तीन महिने गाडी तशीच उभी.

मग एक दिवस राजुरीकडची एक बाई आली. विजया नाव. गावोगाव पिठाच्या गिरण्या दुरुस्त करायची. नवऱ्याचा धंदा, तो गेल्यावर तिनं हातात घेतला होता. गिरणीच्या दगडांना छिन्नीनं टाकी लावून तळहात खरखरीत झालेले. हत्यारांच्या पिशव्या न्यायला गाडी हवी होती. तिनं पान वाचलं. वरून खाली, परत खालून वर.

"चालवून बगू का?"

"बगा की," भाई म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. मी मागं. नारायणगावच्या रस्त्याला लागलो. तिनं काचा वर केल्या, रेडिओ बंद केला, गाडी साठला नेली, मग सोडून दिली. पुन्हा साठला नेली. परत आलो, तिनं इंजिन बंद केलं आणि काचेवरच्या पानाकडं बघत म्हणाली, "भाई, एक ऱ्हायलं."

"काय?"

"मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. घूं करतंय. साठच्या वर गेलं की वाढतंय."

भाई हसले. "नाय नाय, ते टायरचं असंल."

"टायर असं एका सुरात वाजत नाय. जात्याचं बेअरिंग जायला लागलं की असंच वाजतं."

भाई तिच्याकडं बघत राहिले. मग तिला उतरवलं, स्वतः चाकावर बसले, मला म्हणाले, "चल." आम्ही दोघंच निघालो. काचा बंद. साठ. सत्तर. भाईंनी मान डावीकडं कलती केली, श्वास रोखला. बराच वेळ. मग गाडी कडेला घेतली.

"किसन, तुला ऐकू येतं?"

मी समोर बघत मान हलवली.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले, भाई."

बाजूनं एक टोमॅटोनं भरलेली पिकअप गेली. त्यांनी आरशात बघितलं, गाडी वळवली आणि गॅरेजला आणली. खिशातलं पेन काढलं. काचेवरचं पान खाली काढलं, बॉनेटवर ठेवलं आणि सतराच्या खाली आपल्या अक्षरात लिहिलं : अठरा, मागचं डावं बेअरिंग. मग पान आणि चावी दोन्ही विजयाबाईंच्या हातात दिली.

"घेऊन जा. बेअरिंग मी बसवून देतो."

"भाई, अजून भावाचं बोलणं झालं न्हाई..."

"तुमी म्हणाल तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आळेफाट्याहून एक माणूस गाडी दाखवायला आला. मी बॉनेट वर केलं. भाई नेहमीप्रमाणं हात पुसत आले, वाकले आणि तसेच थांबले. मग दोन पावलं मागं सरले, मला पुढं केलं आणि म्हणाले,

"तू ऐक."